पाणी भरणारा बाप

कालाहारीच्या वाळवंटात पक्षी एकमेकांना नीटसे ओळखत नव्हते, त्या काळची ही गोष्ट. तिथल्या एकुलत्या पाणवठ्यावर गिनी कोंबडीचा पहारा असे. बदकं पाणी गढूळ करतात, म्हणून त्यांना तिथं मज्जाव होता.

एका सकाळी पखुर्डी नावाच्या वाळवंटी पक्ष्याचा एक नर आला आणि पोट बुडवून पाण्यात बसला. दहा कोसांवर त्याची तीन पिल्लं तहानलेली होती. पोटाच्या पिसांत पाणी शोषून नेण्यावाचून त्याला दुसरा मार्ग नव्हता.

"चोचीनं प्यायचं सोडून डुंबतोस, म्हणजे बदकच तू. ऊठ," कोंबडी म्हणाली.

"मावशी, माझी बोटं सुटी आहेत. बदकाची पडद्यानं जोडलेली असतात."

"मग पाय वर काढून दाखव."

"आत्ता उठलो तर पिसं कोरडी राहतील. मग पिल्लांना पाणी कशात नेऊ?"

तिनं टोचून टोचून त्याचं डोकं रक्तबंबाळ केलं. आपलंच चुकतंय की काय, असंही त्याला वाटून गेलं, पण तो हलला नाही. पिसं जड झाल्यावरच तो उठला.

"आता बघा पाय," एवढंच म्हणून तो उडाला. त्याची सुटी बोटं आणि पिसांतून ठिबकणारं पाणी कोंबडीनं पाहिलं. घरी तिन्ही पिल्लांनी त्याची पिसं चोखून घसे ओले केले.

दुसऱ्या दिवशी तो पाण्यात बसला, तेव्हा पाणी प्यायला आलेल्या तित्तिरांनी 'बदक, बदक' असा गलका करत त्याला ढकलायला सुरुवात केली. कोंबडी मध्ये उभी राहिली.

"धक्का देऊ नका रे," ती म्हणाली. "तो पाणी भरतोय."