चाळीस घशांचा मासा

त्या राज्यात मासा घशांवर मोजला जाई. पाच घशांचा मासा, बारा घशांचा मासा, अर्ध्या घशाची मासोळी. राज्य पाणकावळ्यांचे होते, आणि पाणकावळ्याला देवाने घसाच असा दिला आहे की दुसरे माप त्याला सुचावे तरी कसे! नदीकाठच्या प्रत्येक गावाने वर्षाकाठी आपल्या वाट्याचे घसे सरकारी कोठारात पोचवायचे, मग त्या गावाला राज्यात मान. कायदा सरळ होता आणि कुणाची त्याबद्दल तक्रार नव्हती.

नदी डोंगरातून उतरते तिथे, अगदी वरच्या टोकाला, एक डोह होता आणि डोहाच्या काठी एक गाव. या गावाने कोठारात आजवर अर्धा घसासुद्धा पोचवला नव्हता. पोचवणार कुठून? गावाकडे होते काय, तर काळा कातळ, उंबराची चार झाडे आणि डोहात एक मासा. मासा म्हणायचे, पण होती ती मादी, आणि भलीमोठी. सगळे तिला थोरली म्हणत. तिचे खवले उंबराच्या पानाएवढे होते. उन्हात ती वळली की पाण्याखाली कुणी पितळी परात फिरवल्यासारखे वाटे, आणि रोज पाहणारेसुद्धा हातातले काम टाकून बघत राहत.

थोरलीला कुणी खात नव्हते. तरीही नदीवरच्या सगळ्या गावांत हेच गाव गजबजलेले होते. हे कसे, हे त्या गावालाही नीटसे ठाऊक नव्हते.

थंडी पडली की बर्फापलीकडून करकोचे येत. आठ डोंगर ओलांडून येत. भूक म्हणावी, तर ती वाटेतल्या कुठल्याही तळ्यात चोच बुडवली की भागत होती. पण त्यांना थोरलीला गळाने धरायचे असे. चोच मिटून, पायात दोरी धरून, दिवसच्या दिवस कातळावर बसायचे. ती गळाला लागलीच, तर तासभर झुंजायचे, तिला काठाशी आणायचे, डोळे भरून पाहायचे आणि सोडून द्यायचे. झाले! एवढ्यासाठी आठ डोंगर! बरे, वेडे म्हणावेत तर चांगले शहाणेसुरते, पिलाबाळांचे करकोचे. वीस दिवस बसून ज्याच्या दोरीला साधा हिसकाही बसला नाही, असा पाहुणा हसत निघून जाई आणि पुढच्या थंडीत आणखी दोघांना घेऊन येई. आता याला काय म्हणावे?

आणि त्या एका हौसेला काय काय लागे! दोरी लागे. ती वळायला सुगरणमावशी आणि तिची सव्वाशे पाखरांची भावकी पहाटेपासून गवत सोलत बसे. आमिष लागे. थोरली उंबराशिवाय कशाला तोंड लावत नसे, आणि उंबरही असे हवे की वास सुटलेला असावा पण गळावरून गळून पडू नये. ते ओळखणे खारींनाच साधे, म्हणून खारींची तीस बिऱ्हाडे उंबरांवर राहायला आली होती. डोहाच्या मधल्या खडकावर जायला करकोच्यांना पंख होते, पण वरून पक्ष्याची सावली पडली की थोरली तळाशी जाऊन चार दिवस वर येत नसे. म्हणून पाहुण्यांनी धोंडबा कासवाच्या पाठीवर बसून जायचे, तेही न बोलता. धोंडबाचे सगळे भाऊ आणि चुलते याच धंद्यात होते. संध्याकाळी पाहुणा काठावर बसून थोरली केवढी होती ते पंख पसरून दाखवी. पंख रोज वीतभर जास्त पसरत. बेडूक भोवती बसून "खरं, खरं" म्हणत. ते त्यांचे कामच होते, आणि ते मनापासून करत.

जाताना प्रत्येक करकोचा आपल्या पिसांत आणलेले दूरदेशीचे बी गावाला देऊन जाई. त्यावर गावाचे पोट भरे. उरलेले बी कातळाच्या भेगांत पडले, रुजले, त्याची झाडे झाली. झाडांवर मधमाश्या आल्या. मधमाश्यांमागून आणखी कोण कोण आले, आणि मागच्या पिढीला जिथे पाय भाजत होते तिथे आताच्या पिढीची पोरे सावलीत खेळू लागली.

एकदा काठावर एका म्हाताऱ्या करकोच्याने धोंडबाला सांगितले, "असे डोह मी मुलखामुलखांत पाहिलेत, धोंडबा. खाऱ्या पाण्याच्या कडेला पाहिलेत, बर्फाला भोक पाडून त्यापाशी बसलेले जीवही पाहिलेत. मासा वेगळा असतो. काठावरची ही गर्दी मात्र सगळीकडे अशीच."

"सगळीकडे?" धोंडबाने मान बाहेर काढून विचारले. त्याला वाटत होते, हा खुळेपणा आपल्याच डोहापुरता आहे. त्या दिवशी पाहुण्याला खडकावर सोडायचे विसरून तो वाटेतच डोहात कितीतरी वेळ नुसता तरंगत राहिला.

या सगळ्यात एक काम असे होते की ते फक्त एकीलाच येत होते. तिचे नाव ठकू, जातीने पाणमांजर. तासभर झुंजून दमलेल्या माशाला तसेच सोडून दिले तर तो पोट वर करून बुडतो, हे पाहुण्यांना ठाऊक नसे. ठकू पाण्यात उतरे. एक हात थोरलीच्या पोटाखाली, दुसरा शेपटीच्या देठाशी, आणि तोंड प्रवाहाकडे. पाणी तोंडातून शिरून कल्ल्यांतून वाहू लागे. ठकूने ढकलायचे नाही, ओढायचे नाही. थोरलीला आपले आपण जावेसे वाटेपर्यंत नुसते धरून राहायचे. हे तिला तिच्या आईने शिकवले होते. खालच्या अंगाला राहणारे तिचे भाऊबंद तिची टर उडवत. "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!" ते म्हणत. "अगं, पाणमांजराची जात तुझी, एकदा दात तरी लावून बघ!" ठकू हसून म्हणे, "तुम्ही एकदा धरून बघा. ती हातातून निघते ना, तेव्हा भूकच राहत नाही." त्यांना ते पटत नसे.

एका वर्षी थंडीतच खाली पाणी आटले. कोठारातले घसे कमी पडले. तेव्हा सरकारने आपला कारभारी वर पाठवला. कारभारी बगळा होता आणि माणूस म्हणावा तर वाईट नव्हता. त्याच्या मुलखात पिले रिकाम्या पोटी झोपत होती, ते तो डोळ्यांनी पाहून आला होता. त्याने डोहात पाहिले. थोरली वळली. बगळाही क्षणभर बघत राहिला, पण लगेच त्याने मनात माप लावले.

"चाळीस घशांचा मासा आहे," तो म्हणाला. "आणि तुम्ही त्याचं काय करता?"

"धरतो," धोंडबा म्हणाला.

"मग?"

"मग सोडतो, कारभारी."

कारभाऱ्याने सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिले. आपली चेष्टा चालली आहे की काय, असे त्याला वाटले. "खाली चाळीस पिलं उपाशी आहेत, आणि इथं चाळीस घशांचा मासा धरायचा आणि सोडायचा? त्याचा उपयोग काय, ते सांगा. पटलं तर मी उलटपावली परत जातो."

आता बोलायची वेळ होती. सुगरणमावशीला दोरी ठाऊक होती. खारींना उंबर ठाऊक होते. धोंडबाला आपली पाठ ठाऊक होती. प्रत्येकाने आपापल्या कामापुरते सांगितले असते, पण कारभाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर तेवढ्यात मावत नव्हते. "ती आहे म्हणून बरं वाटतं," एक बेडूक म्हणाला. बाकीच्यांनी सवयीने "खरं, खरं" केले, आणि कारभाऱ्याला हसू आले.

ठकू पुढे झाली. "कारभारी, तिला नेऊ नका. मी पाया पडते."

"तुझी जात काय आणि तू रडतेस काय," कारभारी म्हणाला. पण आवाज चढवून म्हणाला नाही.

दुसऱ्या सकाळी सरकारी कावळ्यांची टोळी आली. डोहाच्या खालच्या तोंडाशी जे दगड होते ते त्यांनी एकेक करून ओढून काढले. दुपारपर्यंत डोहाचे पाणी गर्जत खाली धावू लागले आणि डोह रिकामा होत गेला. थोरली एका खळग्यात उघडी पडली. तिच्या पाठीवर ऊन पडले. गावातल्या जुन्या जुन्या जीवांनीही तिला अशी अख्खी कधी पाहिले नव्हते. ठकूने डोळ्यांवर हात घेतले. कावळ्यांनी थोरलीला ओढून शेवाळाच्या खडकावर ठेवले आणि तिचे वजन पाहून त्यांनाही आपला आवाज उतरवावासा वाटला.

तेवढ्यात मधल्या खडकावरचा म्हातारा करकोचा उठला. त्याने दोरी गुंडाळली.

"कुठे निघालात?" कारभाऱ्याने विचारले. "नदीत लहानसहान मासे दुसरेही आहेत. बसा की."

"ते आमच्याकडंही आहेत," करकोचा म्हणाला आणि उडाला. त्याच्यामागे दुसरा उठला, तिसरा उठला. बघता बघता सगळा काठ रिकामा झाला.

सुगरणमावशीच्या चोचीत अर्धी वळलेली दोरी होती. ती आता कुणासाठी वळायची ते तिला कळेना, म्हणून तिने ती खाली ठेवली. खारी उंबरावरून उतरल्या. धोंडबा पाण्याच्या कडेला पाठ वाळवत उभा राहिला. थोड्या वेळाने एक खार पोरांना पाठीशी घेऊन कारभाऱ्याच्या समोरून खाली निघाली.

"तू कुठं?"

"तुमच्या कोठाराकडं," खार म्हणाली. "पोट कुठंतरी भरायला हवं ना, कारभारी?"

तिच्यामागून दुसरी आली. मग पाखरे, मग कासवे, मग मधमाश्यांचे आख्खे पोळे. कारभारी सवयीने घसे मोजू लागला. चाळिसावर गेला, शंभरावर गेला. दोनशेच्या पुढे त्याची मोजणी चुकली, त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. पुन्हा चुकली. डोंगरउतारावर रांग संपत नव्हती. एका माशाच्या अंगाखालून एवढे जीव निघतात तरी कुठून, हे त्याला समजेना, आणि त्याच्या मानेवरची पिसे उभी राहिली.

ठकू खडकापाशी बसली होती. "कारभारी," ती हळूच म्हणाली, "कल्ला अजून हलतोय."

"मग?"

"धरू का?"

सरकारचा हुकूम कारभाऱ्याच्या गळ्यात होता. हो म्हणता येत नव्हते, आणि नाही त्याच्याने म्हणवेना. त्याने डोळे मिटून घेतले. बगळ्याचे ध्यान सगळ्यांना ठाऊक आहे, पण मासा दिसू नये म्हणून लावलेले ध्यान आजवर कुणी पाहिले नव्हते. कावळ्यांनी त्याच्याकडे पाहिले, एकमेकांकडे पाहिले आणि ते बाजूला सरले.

ठकूने थोरलीला मिठीत घेतले आणि पाण्यात उडी टाकली. पण डोह आता डोह राहिलाच नव्हता. वरच्या घळीतून येणारे पाणी कुठेही न थांबता सरळ खाली चालले होते. एक हात पोटाखाली, एक शेपटीशी, तोंड प्रवाहाकडे, आणि पायाखाली मात्र काही नाही. ती वाहत गेली. कशीबशी एका कपारीला पाय लावून थांबली, पुन्हा सरकली. "काका!" ती ओरडली. "धोंडबाकाका, मला धरा!"

धोंडबाने तिची शेपटी तोंडात धरली. आता त्याचेही पाय सुटू लागले, तेव्हा त्याच्या भावाने त्याला धरले, भावाला चुलत्याने. सुगरणमावशीने त्यांच्या पाठींवरून दोरीचा वेढा टाकला आणि तिच्या सव्वाशे पाखरांनी तो चोचींत पकडला. उतारावर गेलेल्या खारी तो आवाज ऐकून परत धावल्या. बेडूक आले. पोरांनी आयांच्या शेपट्या धरल्या. ज्याला ज्याचे काही धरता आले, त्याने ते धरले. सगळ्यांत शेवटी, उथळ पाण्यात, कुणीतरी आपली लांब चोच पुढे करून दोरीचे टोक पकडले. तो कारभारी होता. त्याचे डोळे आता उघडे होते.

कुणी ढकलत नव्हते, कुणी ओढत नव्हते. पाणी अंगावरून जात होते आणि सगळे नुसते धरून उभे होते. ऊन कलले. ठकूचे हात बधिर झाले. कल्ला एकदा हलला, मग बराच वेळ हललाच नाही. ठकूच्या डोळ्यांतून पाणी आले. "आई गं, जा ना," ती म्हणाली. "जा ना गं बाई."

तिच्या हाताखाली काहीतरी थरथरले. शेपूट एकदा डावीकडे गेली, एकदा उजवीकडे. थोरलीने तोंड वरच्या घळीकडे वळवले. तिथे पाणी खोल होते. ठकू हात सोडायला विसरली, आणि तिच्यामागचे सगळेच विसरले.

आठ डोंगरांकडे वळलेल्या करकोच्यांनी वरून एकदा मागे पाहिले आणि त्यांचे पंख हवेतच थबकले. खाली, उलट्या पाण्यात, पुढे एक मासा होता, आणि त्याच्यामागे, एकाला एक धरून, सगळे गाव पावलापावलाने वर चालले होते.