आयांच्या माळावरची घंटा

हिरडेगावच्या उताराला, जिथून बैलगाड्या नदी ओलांडतात, तिथं काठावर एक लहानसा माळ आहे. त्याला आयांचा माळ म्हणतात. देऊळ नाही, मूर्ती नाही. नदीतले गुळगुळीत गोटे एका ओळीत मांडलेले, त्यांना हळद लागलेली, आणि शेजारी दोन खांबांच्या आडव्या दांडीला टांगलेली पितळी घंटा. पाहुणे आले की पहिल्यांदा बोट पुढं करून गोटे मोजायला लागतात. मोजू नका. इथं ते कुणीच मोजत नाही. तुम्ही आपल्या घराण्याचं मूळ शोधत आलात म्हणता. आजा सापडला, पणजा सापडला, पुढची वाट बुजली. तर मग बसा जरा चिंचेखाली. असंच एका बाईचं झालं होतं. तिचं नाव ठकू.

फार मागं, कुणाच्या आज्यालाही आठवणार नाही इतकं मागं, या नदीला एकदा मोठा पूर आला. पूर आला की काठावरची माणसं दोरीला आकडा बांधून वाहून येणारी लाकडं ओढायची. वर्षाचं सरपण व्हायचं. कोंडूबाई नावाची एक विधवा कुणबीण अशीच लाकडं ओढत होती. तिच्या आकड्याला एक मोडकं छप्पर लागलं. ओढलं, तर कुडाला मिठी मारून एक लहान पोर. जिवंत. बोबडं बोलणारं, गावाचं नाव सांगता न येणारं. कोंडूबाईनं तिला पदराखाली घेतलं आणि ठकू म्हटलं.

ठकू वाढली, पण गाव तिला पुराचं लाकूडच म्हणायचं. कुणी रागानं, कुणी गमतीनं. ती हसून सोडून द्यायची. कोंडूबाईनं तिला आपल्याच भाच्याला दिली, त्यामुळं लग्नात कुणी काही विचारलं नाही. पुढं कोंडूबाई गेली, नवराही लवकर गेला. मागं राहिली एक मुलगी, गौरा. ही गौरा आबाजी पाटलाच्या पुतण्याच्या मनात भरली, आणि तिथं गाडं अडलं.

त्या काळी इथं रीत अशी होती म्हणे, की अक्षतांच्या आधी मांडवात हेळवी यायचा. हेळवी म्हणजे घराण्यांची नावं पिढ्यान् पिढ्या तोंडपाठ ठेवणारा माणूस. तो बैलावर बसून यायचा आणि गावात असेतो त्याचा पाय जमिनीला लागायचा नाही. नवरीच्या बापाकडची पाच नावं, मग आईच्या माहेरची पाच, सगळी पुरुषांची. एकेका नावाला बैलाच्या गळ्यातली घंटा हलवायची. घंटा कमी वाजली, तर अक्षता पडायच्या नाहीत.

पाटील म्हणाला, "पोरगी चांगली आहे, माझी ना नाही. पण ठकू, तुझ्या माहेरची नावं आण. सुगीनंतर मांडव घालू. नावं नसली तर सोयरीक मोडली म्हणून समज."

गावात येणारा हेळवी सिद्राम मनानं वाईट नव्हता. तो ठकूच्या दारात बैल उभा करून हळूच म्हणाला, "आक्का, कशाला जिवाला घोर? वरच्या अंगाला एक घराणं बुडालंय. बोलायला कोण उरलं नाही. तुला तिथं जोडतो. कुणाला काय कळतंय?"

"मला कळंल की," ठकू म्हणाली.

"लेकीचं लगीन हाय बाई!"

"म्हणून तर. माझ्या लेकीला उसनी आजी नको."

असं म्हणून तिनं गौराला शेजारणीकडं ठेवलं, परडीत भाकरी बांधल्या आणि नदीच्या काठानं वर चालू लागली. तिचा हिशेब साधा होता. आपण पाण्याबरोबर खाली आलो, म्हणजे आपलं घर वर कुठंतरी असणार.

वरच्या गावांत तेव्हा एक चाल होती, असं सांगतात. पुरात गेलेलं माणूस हाती लागलं नाही, तर त्याच्या नावानं काठावर एक गोटा मांडायचा, आणि घरातल्या बाईनं सकाळी त्याच्यावर तांब्याभर पाणी घालायचं. पहिल्याच गावात ठकूला एक म्हातारी असं पाणी घालताना दिसली. नागूबाई तिचं नाव. ठकूनं विचारलं, तशी म्हातारी तिच्या तोंडाकडं बघतच राहिली. तिची लेक त्याच पुरात गेली होती, छपरासकट. म्हातारीनं तिच्या कानामागं बघितलं, हाताची बोटं उलटीपालटी केली आणि गळ्यात पडून रडली. मग तो गोटा उपटून तिच्या परडीत घातला. "जित्या लेकीच्या नावानं दगडावर पाणी कशाला घालू?" म्हणाली.

ठकूला आई सापडली. तिनं नागूबाईकडून माहेरची पाच नावं पाठ करून घेतली आणि ती परतीला लागली. तिथंच गोष्ट संपायची. पण नदी ओलांडताना पलीकडच्या काठावर तिला दुसरा गोटा दिसला. ओला. कुणीतरी नुकतंच पाणी घातलं होतं.

तिथं ठकू बराच वेळ उभी राहिली म्हणे. पाच नावं तोंडात होती. मान खाली घालून घरी गेली असती, तर लग्न पार पडलं असतं. पण ती त्या गोट्यापाशी जाऊन बसली, बाई येईपर्यंत. त्या बाईचं नाव बायजा. तिचीही लेक त्याच पुरात, तशाच छपराबरोबर गेलेली.

ठकूनं परडीतला गोटा तिला दाखवला. "मावशी, खरं सांगते. पलीकडची नागूबाई मला तिची म्हणते. मी तिचीच असंन."

"असशील," बायजा म्हणाली. "पर माझी न्हाईस, हे तुला ठावं हाय?"

"न्हाई."

"मग ह्यो बी घेऊन जा."

मग ठकू तिथून घरी वळलीच नाही. वाटेतलं एकही गाव सोडलं नाही, एकही काठ सोडला नाही. जिथं जिथं गोटा, तिथं तिथं बसायची आणि आधीच्या सगळ्या आयांची हकिगत सांगायची. कुणी म्हणालं, चल बाई, जाऊ दे, आमचं दुःख उकरू नको. कुणी भाकरी दिली. ज्यांनी गोटा दिला, त्यांनी हे समजून दिला की ही आपली असेल किंवा नसेल. परडी इतकी जड झाली की तिनं ती डोक्यावरून उतरवून पाठीला बांधली. सुगी उलटली तेव्हा ती वाकून चालत हिरडेगावात आली.

मांडव घातलेला होता. सिद्राम बैलावर बसलेला, पाटील खांबाला टेकून उभा. ठकूनं सगळ्यांच्या देखत परडी सोडली आणि मांडवाच्या तोंडाशी, याच माळावर, गोटे ओळीनं मांडले.

"हे काय?" पाटलानं विचारलं.

"माझं माहेर."

माणसं हसली. कुणीतरी मागून म्हणालं, "पुराच्या लाकडाला धोंड्यांचं माहेर!"

ठकूनं प्रत्येक गोट्याची हकिगत सांगितली. हसणं हळूहळू थांबलं. पाटील म्हणाला, "बरं, मग यातली तुझी आई कोणती? तिचीच नावं घे, म्हणजे झालं."

"ते मला ठाऊक नाही."

"मग हे सगळे कशाला आणलेस?"

"यातली एक माझी आहे, पाटील. जी माझी नाही ती तुम्ही दाखवा. तो गोटा मी आत्ता नदीत टाकते."

पाटलानं ओळीकडं पाहिलं. सिद्रामकडं पाहिलं. सिद्रामनं मान खाली घातली. एकही गोटा कुणाला दाखवता येईना.

"रीत ती रीत," पाटील शेवटी म्हणाला. "नाव नाही तिथं घंटा नाही."

तेव्हा ठकू पुढं गेली आणि तिनं बैलाच्या गळ्यातली घंटा सोडून घेतली. हेळव्याच्या घंटेला बाईनं हात लावल्याचं तोवर कुणी पाहिलं नव्हतं. बैल मात्र गरिबासारखा उभा राहिला. कुणी म्हणतं, त्यानं मान खाली केली. कुणी म्हणतं, गोट्यांना नदीचा वास होता आणि तो तहानलेला होता. असेल.

ती पहिल्या गोट्यापाशी उभी राहिली. "नागू," म्हणाली, आणि घंटा वाजवली. "नागूची आई. तिचं नाव राधू. तिची आई. तिचं नाव नागूलाही ठाऊक नाही." ठकूनं घंटा वर उचलली. "नाव नाही, म्हणून काय ती नव्हती? ती नसती, तर राधू आभाळातून पडली? होती!" आणि तिनं घंटा अशी हाणली, की नदीपलीकडची पाखरं उडाली.

"बास कर!" पाटील ओरडला.

पण त्याच्या मागं बसलेली त्याची आई, म्हाळसाबाई, उठली. थकलेली बाई, सुनेच्या खांद्याला धरून उभी राहिली. म्हणाली, "आबा, तू गप. माझ्या बापाची पाच नावं सिद्राम सांगतो. माझ्या आईच्या आईचं नाव त्याला विचार. त्याला येत नाही. मलाही येत नाही. पण ती होती." आणि ओळीकडं हात करून म्हणाली, "वाजव गं ठकू. माझीपण वाजव."

मग मांडवातल्या बायका एकेक करून उठल्या. जिला आठवत होतं ती नाव सांगे, जिचं अडे ती "होती" म्हणे, आणि दोन्हीला घंटा सारखीच वाजे. पाटलालाही आपल्या आजीचं नाव आठवून बघायचं असावं. आठवलं नाही. त्यानं पागोटं सारखं केलं आणि आपल्या हातानं अक्षतांचं ताट ठकूपुढं धरलं. सिद्राम मात्र बैलावरून उतरला. त्याचे पाय हिरडेगावच्या मातीला तेव्हा पहिल्यांदा लागले, असं सांगतात. त्यानं घंटा परत मागितली नाही. ती इथंच राहिली.

आजही सिद्रामच्या घराण्यातला हेळवी गावात येतो तो वेशीवर बैल सोडून, पायी. आजही लग्न असलं की नवरा-नवरी देवाला जायच्या आधी इथं येतात, आयांची नावं घेत जितकं वर जाता येईल तितकं वर जातात, आणि नाव अडलं की सगळं वऱ्हाड एका तोंडानं ओरडतं, होती! मागं कुणी शिकलेला पाहुणा गोटे मोजायला बसला, तेव्हा गावातल्या बायकांनी त्याला विचारलं, मोजून झाल्यावर कोणता काढायचा आहे? तो उठला.

तुमच्या घराण्यात जिथं वाट बुजली आहे ना, ते नाव तुम्हाला कदाचित सापडेल, कदाचित नाही. शोधा जरूर. पण तोवर थांबायचं कारण नाही. घंटेची ती दोरी खाली लोंबते आहे. हात पोचतो.