भिवाने साहेबांचं ऐकलं

एका गावात भिवा नावाचा एक भोळा माणूस सुपं-टोपल्या विणायचा. घरी आई, बायको येसू नि चार पोरं. घर म्हणजे एकच खोली. सांगितलेलं तो मुकाट करायचा. विचार करायचं काम सांगणाऱ्याचं, असं त्याला वाटे.

गावात साथ आली. तालुक्याहून आरोग्य खात्याचे साहेब आले, सरकारी बंगल्यात उतरले. भोंग्यावरून म्हणाले, "आपली काळजी आपल्याच हातात! एकमेकांपासून चार हात लांब राहा!"

भिवाने हाताने खोली मोजली. आई आणि येसू मावल्या. मग त्याने पोरांना छपराच्या चार कोपऱ्यांवर बसवलं आणि स्वतः दारातल्या कडुलिंबावर चढला.

साहेब खालून ओरडले, "अरे, हे काय?"

"चार हात, साहेब."

"उतर आधी! आणि दर तासाला हात धू!"

वस्तीच्या नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचं. भिवा कोरड्याच नळाखाली तासातासाला हात चोळत बसला. तळवे सोलले. विणायची बांबूची कांबीही धरवेना.

"अहो, निदान पाणी तरी येऊ द्या," येसू म्हणाली.

"साहेब पाण्याचं काही बोलले नाहीत."

साहेबांनी ते तळवे पाहिले आणि कपाळाला हात लावला. "मूर्खा, आपल्याकडे नसेल तर जिथे असेल तिथे जावं! एवढंही सांगावं लागतं?"

"लागतं, साहेब," म्हणत भिवाने ते पाठ करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी आईला ताप भरला. भिवा धावत बंगल्यावर गेला. साहेब जीपमध्ये बसतच होते.

"आजाऱ्याला वेगळी खोली द्या," ते घाईत म्हणाले. "हवेशीर. संडासही स्वतंत्र हवा."

जीप गेली. भिवाने घर आतून पाहिलं, बाहेरून पाहिलं. वेगळी खोली काही सापडेना. मग त्याने आईला पाठुंगळी घेतलं आणि जिथे तशी खोली होती तिथे नेलं.

संध्याकाळी साहेब परतले. बंगल्यात त्यांच्या पलंगावर, पंख्याखाली, म्हातारी गाढ झोपलेली. ताप उतरलेला. दारात भिवा आडवा उभा.

"आत येऊ नका, साहेब. आजारी माणूस आहे."

"अरे, मग मी राहू कुठे?"

"आमच्याकडं. येसूनं आईची जागा तुम्हाला केलीय."

साहेब बोटांवर भिवाच्या घरातली माणसं मोजू लागले.

"मावाल हो," भिवाने धीर दिला. "फक्त कूस बदलायची झाली, तर आधी सगळ्यांना उठवा. आम्ही एकदमच वळतो."