धाकूच्या तोंडातली मासोळी

एका राज्यात घडलेली ही गोष्ट, खाल्ल्या मिठाची शपथ, अक्षर न् अक्षर खरी. मी डोळ्यांनी पाहिली. म्हणजे तेव्हा मी जन्मायचा होतो, पण पाहिली.

त्या राज्यात धाकू नावाचा पाणबुड्या होता. पोवळ्यांच्या खडकांत बुडी मारावी, मोती काढावेत. आणि रीत अशी की दिवसाची पहिली वस्तू समुद्राला परत द्यावी. एकदा पहिल्याच बुडीला हाती आली नखाएवढी मासोळी. अंग जांभळं, पाठीवर केशरी रेघ, शंभर वर्षांत एखादीच दिसावी अशी. “एवढीशीला कोण वस्तू म्हणतंय?” म्हणत धाकूने ती राजाला नजराणा म्हणून दिली.

राजाने तिला सोन्याच्या वाडग्यात ठेवलं. गोल वाडगा, लपायला कपार नाही. मासोळी गरगर फिरू लागली, तसं राज्यही फिरू लागलं. राजा सिंहासनाभोवती, प्रधान राजामागे. धाकूची तान्ही लेक तर पाळण्यात नुसती तळमळे. अकरा दिवस डोळ्याला डोळा नाही, दूध ओठी नाही.

“तुम्हीच केलंत, तुम्हीच निस्तरा,” चुलीभोवती फेऱ्या घालत बायको हौसा म्हणाली. “पोर हातची जाईल.”

धाकू किनाऱ्यावर धावला. तिथे कुरव पक्षी बोलला, “सोन्याविना उचल, शब्दाविना ने, घर न चुकता सोड.”

धाकू दरबारात गेला.

“महाराज, मासोळी द्या.”

“अशी राज्यात एकच आहे!”

“म्हणूनच.”

“मला बसता येईल?”

“येईल.”

“मग ने!”

ओंजळीत न्यावी तर पाणी गळणार. धाकूने मासोळी पाण्यासकट तोंडात घेतली.

वाटेत लोक फिरता फिरता ओरडले, “काय रे धाकू, हौसाने जीभ कापली वाटतं!” झोपेतही बडबडणारा धाकू, पण गाल फुगवून गप्प.

त्याने बुडी मारली. खडकात हजार भोकं, सगळी सारखी. छाती फुटायला आली, आणि एका भोकाच्या दारात दिसली तशीच दुसरी मासोळी, आत-बाहेर, आत-बाहेर करत. धाकूने तोंड उघडलं.

दोघी आत गेल्या. राज्य थांबलं. राजा असा बसला की सिंहासनाचा पाय मोडला. धाकू घरी पोचला तेव्हा लेक दूध पिता पिताच झोपली होती.

आता शपथ घेतलीच आहे, तर सांगतो. कुरव बोलला, हे खरं. रीत मोडल्याचा समुद्राचा शाप खरा. राजा “मग ने” म्हणाला, तेवढं माझ्या पदरचं. असली चीज कोणता राजा देतो? तो फिरत फिरत सिंहासनामागे गेला, तेवढ्यात धाकूने वाडग्यात तोंड घातलं.