कानापर्यंतची तलवार

त्या राज्यात प्रत्येकाला कशाची ना कशाची भीती वाटत असे. म्हणून बरेच जण एकदा तरी धुक्याच्या डोंगरावर तलवार शिकायला जात. तिथे एक म्हातारी बगळी शिकवत असे. सरावाची तलवार मात्र ज्याची त्याने निवडायची, आणि तीही एकदाच. निवड चुकली की त्याच दिवशी डोंगर उतरायचा.

निवडीचे माप ठरलेले होते. डावा हात सरळ खाली सोडायचा, मूठ धरून पाते दंडामागे उभे ठेवायचे. टोक कानाच्या शेंड्याला टेकले, की ती तलवार आपली. अस्वलापासून मुंगसापर्यंत सगळ्यांनी याच मापाने तलवारी घेतल्या होत्या. सशांपैकी मात्र तोवर कुणीच वर आले नव्हते.

मग भुरकी नावाची सशी आली. तिच्या कुळात आजवर सगळे पळतच आले होते. कोल्ह्याची चाहूल लागली, की आई मागे वळून पिल्लांकडेसुद्धा पाहत नसे. भुरकीला एकदा तरी जागच्या जागी उभे राहायचे होते. इथून परत जावे लागले, तर तेच बीळ आणि तीच पळापळ तिच्या नशिबी होती.

दालनाच्या कोपऱ्यात लाकडी तलवारी धूळ खात पडल्या होत्या. भुरकीने तिकडे ढुंकूनही पाहिले नाही. समोरच्या भिंतीवर एक लांब पोलादी तलवार होती, इतकी पातळ की नुसती उचलली तरी झणकारे. त्या आवाजानेच कोल्ह्याला धडकी भरेल, असे तिला वाटले. तिने पाते उभे धरले आणि कान ताठ केले. टोक शेंड्याला बरोबर टेकले.

"माप जुळलं, गुरुमाई!"

शिष्यांत खसखस पिकली. बगळी हसली नाही.

"जुळलं खरं. तशीच उभी राहा, पोरी," ती म्हणाली, आणि एक लाकडी तलवार उचलून अंगणात गेली.

अंगणात धुके दाटले होते. लाकडी पाते हलले, पण आवाज झाला नाही. धुक्यात एक रेघ उमटली आणि तशीच राहिली. दुसरी तिला छेदून गेली. त्या फटींतून खालचे सगळे राज्य दिसू लागले: नदी, कुरणे, पार तळाशी सशांची बिळे. इतके सुंदर आणि इतके भयंकर भुरकीने जन्मात काही पाहिले नव्हते. तिचा ऊर भरून आला. पळून जावेसेही वाटले, पण ती पळाली नाही.

धुके मिटले. बगळी तिच्यासमोर येऊन थांबली. भुरकीचे दोन्ही कान पाठीवर सपाट पडले होते, आणि पोलादी टोक तिच्या डोक्यावर रिकाम्या हवेत थरथरत होते.

"कान वर कर, अगं, कान!" मागून अस्वल कुजबुजले.

भुरकीने कान वर केले नाहीत. तिने पोलादी तलवार भिंतीवर परत टांगली आणि डोंगर उतरायला दाराकडे वळली. तेव्हा बगळीने आपल्या हातातली लाकडी तलवार तिच्यापुढे धरली.

भुरकीने डावा हात खाली सोडला. लाकडी टोक पडलेल्या कानांना अलगद टेकले. थोड्या वेळाने मागे उभ्या असलेल्या अस्वलाने हळूच पंजा उचलला आणि स्वतःचा कान चाचपला, मग मुंगसानेही.