न वाजलेला भोंगा

एका डोंगरखोऱ्यात, नदीच्या अगदी काठाला, एक गाव होतं. त्या गावात शेवंता नावाची एक बाई राहायची. ती संगणक दुरुस्त करायची, थोडेफार प्रोग्रामही लिहायची, पण स्वभावाने फार भित्री. चार माणसांत कुणी काही विचारलं, तरी ती तिथून काढता पाय घेई.

गावाजवळ नदीत एक खांब रोवला होता. त्यावरचं यंत्र पाण्याची उंची मोजायचं आणि पाणी धोक्याच्या खुणेवर गेलं की गावातला भोंगा वाजायचा. हे सगळं ज्या प्रोग्रामवर चाले, तो कुणा एकाच्या मालकीचा नव्हता. खोऱ्यातली सगळी गावं तोच वापरत. कुणीही तो उघडून वाचावा, चूक दिसली तर दुरुस्ती लिहून पाठवावी. अशा दुरुस्तीला ते पॅच म्हणत. मात्र प्रत्येक पॅच सगळ्यांसमोर तपासला जाई, आणि तपासणारे आत्मारामदादा फार काटेकोर होते.

एका वर्षी भोंगा उगाचच वाजू लागला. वाहत आलेलं लाकूड खांबावर आपटलं की यंत्राचा आकडा एकदम उडे, भोंगा बोंबले आणि माणसं पोरंबाळं घेऊन टेकडीकडे धावत. पाणी मात्र जागच्या जागी. लोक वैतागले. शेवंतानेच यावर काहीतरी करावं, असं जो तो म्हणू लागला.

तिने पॅच लिहिला. आकडा एकदम उडाला, तर तो खोटा समजून सोडून द्यायचा. सोबत इतर बारीकसारीक बदलही केले. जीव मुठीत धरून तिने तो पाठवला. आत्मारामदादांनी परत केला. एका पॅचमध्ये एकच दुरुस्ती असावी आणि ती का केली तेही लिहावं, असं त्यांचं म्हणणं होतं. तिने तो नीट करून पुन्हा पाठवला. या वेळी एकाच ओळीचं उत्तर आलं.

"ताई, पाणी खरोखरच एकदम चढलं, तर भोंगा वाजेल का?"

शेवंताला उत्तर ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही असं अख्ख्या खोऱ्यासमोर लिहिणं तिच्याच्याने होईना. तिने उत्तरच दिलं नाही. आपल्या गावापुरता प्रोग्राम बदलायला कुणाची मनाई नव्हती. तिने तो पॅच तसाच, गुपचूप, गावातल्या यंत्रावर चढवला.

भोंगा शांत झाला. लोकांनी तिचं तोंड भरून कौतुक केलं. पण तो प्रश्न तिची पाठ सोडेना. नदीचा आवाज जरा वाढला की हातातला घास हातातच राही. शेवटी एका दुपारी तिने दार लावून घेतलं आणि मागे एकदा पाणी एकदम चढलं होतं, त्या महापुराचे आकडे प्रोग्रामला दिले. पडद्यावर पाणी चढू लागलं. धोक्याची खूण बुडाली. घाट बुडाला. तिच्या स्वतःच्या घराचं जोतं बुडालं.

भोंगा वाजला नाही.

 आधी तिने जुना प्रोग्राम परत चढवला. मग सगळ्यांसमोर लिहिलं, "दादा, वाजणार नाही. मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी गप्प बसले आणि तसाच पॅच गावात चालवला. आज तपासून पाहिलं. गाव बुडालं असतं."

आता सगळे तुटून पडतील, म्हणून तिने डोळेच मिटून घेतले. कुणी तुटून पडलं नाही. आत्मारामदादांनी पुराचे ते आकडे मागून घेतले. वरच्या गावातल्या एका बाईने सुचवलं, की दुसरा खांब रोवावा. लाकूड एकाच खांबावर आपटेल, पाणी मात्र दोन्हीकडे चढेल. शेवंताने पॅच नव्याने लिहिला. एक खांब वाहून गेला तर काय, असं विचारत दादांनी तोही परत केला. या वेळी ती उत्तर शोधायला बसली. इकडे गावात भोंगा पुन्हा बोंबलत होता, झोपेचं खोबरं झालं म्हणून लोक तिला नावं ठेवत होते. तेही तिने सोसलं. अखेर, एक खांब बंद पडला तर दुसऱ्याच्याच आकड्यावर भोंगा वाजेल अशी सोय केल्यावर पॅच स्वीकारला गेला, आणि दुसऱ्या खांबासह गावोगावी पोहोचला.

त्याच पावसाळ्यात वर डोंगराची कडा कोसळली, नदी अडली आणि मग अडलेलं पाणी एकदम फुटून भिंतीसारखं खाली आलं. भोंगा वाजला. लोक टेकडीवर पोहोचतात न पोहोचतात तोच खालची घरं पाण्याखाली गेली. शेवंताचंही गेलं. माणूस मात्र एकही गेला नाही.

टेकडीवर शेजारणीने तिचा हात घट्ट धरला होता. 

"तुझा भोंगा वाजला गं," शेजारीण म्हणाली.

"माझ्या एकटीचा असता, तर वाजला नसता," शेवंता म्हणाली.

तात्पर्य: ज्या प्रश्नाची भीती वाटते, त्याचं उत्तर आधी शोधावं आणि येत नसेल तर तसं सांगावं. प्रश्न टाळला, तर त्याचं उत्तर एक दिवस संकटच देतं.