लाल गडावरची बंदिवान नदी

एका राज्यात डोंगराची मातीच लाल होती. त्या मातीचा गड आणि गडात महाल सुलतान नसरने बांधला. भिंती अभेद्य, पण वर पाण्याचा थेंब नाही. तेव्हा त्याने मंत्रबळाने खोऱ्यातली नदी धरून आणली आणि महालाखालच्या टाक्यात कोंडली. वर कारंजी उसळू लागली, खाली खोरे वाळून गेले. नदीने शाप दिला, "या गादीवर जो बसेल, तो पायांपासून दगड होईल."

नसर दगड झाला. त्याचा पुत्रही झाला. मग नातू इद्रीस गादीवर बसला आणि गुडघ्यांपर्यंत दगड झाला.

त्याची थोरली बहीण लुबना रोज त्याच्या पायांना तेल चोळी. एके सकाळी तिच्या हाताला मांडीही गार लागली. ती उठली आणि टाक्याच्या पायऱ्या उतरली. दारापाशी हुदहुद पक्षी पहाऱ्यावर होता.

"नदीची सुटका कशी होईल?" तिने विचारले.

"दाराची मोहर फोड. भिंतीवरचा मंत्र खरवड. मग दार उघड," पक्षी म्हणाला. "मात्र गड कोरडा पडेल."

लुबनाने माघारी जाऊन भावाला हे सांगितले. इद्रीस म्हणाला, "आपा, पाण्यावाचून हा गड वेढ्यात टिकायचा नाही. आजोबांचे नाव बुडेल."

"नाव आजोबांचे. पाय तुझे."

इद्रीसने कमरेची कट्यार काढून तिच्या हाती दिली.

लुबनाने कट्यारीच्या मुठीने मोहर फोडली. पात्याने मंत्र खरवडला. निळी अक्षरे गळून पडली, तिची बोटे सोलली. मग तिने दार ओढले. आत पाण्याची स्त्री उभी होती.

"तू कोण?"

"ज्याने तुला कोंडले, त्याची नात."

"भीती वाटत नाही?"

"वाटते."

नदी तिला बाजूला सारून निघून गेली. वर एकेक कारंजे निमाले. दोन्ही दगडी सुलतानांची माती झाली; ती रीतीने पुरली.

इद्रीसच्या पायांत पुन्हा ऊब आली आणि तो बहिणीचा हात धरून, अडखळत, खोऱ्यात उतरला. परतलेल्या नदीच्या काठावर धुणे धूत बसलेल्या म्हातारीने विचारले, "सरकार अनवाणी?"

"पाय भिजवायचे आहेत, माई."

म्हातारीने धुणे सरकवून त्याला जागा करून दिली.

नदी आपल्या पात्री आली, राज्य आपल्या ठायी आले.